रंग गेलेलं पाणी

"यात मीठ किती टाकलं होतं?"

मल्लेशमामांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्यांच्या रंगाच्या कारखान्याच्या दारात दोन बाटल्या घेऊन उभी होते. एकीत शाईसारखं निळं पाणी आणि दुसरीत तेच पाणी, रंग गेलेलं. पाच मिनिटं मी त्यांना समजावून सांगत होते, की एक साधी पांढरी भुकटी आहे, मलमात घालतात ती. ती पाण्यात टाकून उन्हात ठेवली की उन्हाच्या जोरावर ती पाण्यातला रंग तोडत जाते. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. सोलापुरात ऊन तर फुकटच मिळतं.

"मीठ?" मी म्हणाले. "मीठ कशाला घालू?"

त्यांनी आत वळून तेलुगूत काहीतरी सांगितलं. आत मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या बाई खुदकन हसल्या.

"मिठाशिवाय सुताला रंग धरतच नाही की पोरी, बिड्डा. शंभर किलो सुताला पन्नास-साठ किलो मीठ लागतंय. वर सोडा. तुझ्या बाटलीत नुसतं पाणी आणि रंग. आमचं पाणी तसं नसतंय."

त्यांनी माझ्या पिशवीतली रिकामी बाटली घेतली, हौदाशी वाकून लाल पाण्याने भरली, फडक्याने पुसून माझ्या हातात दिली.

"हे ने. हे पांढरं करून आण, मग बसून चहा पिऊ."

ही दोन हजार तीन सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी पंचवीस वर्षांची होते आणि सोलापुरात हत्तुरे सरांच्या हाताखाली रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. दोन वर्षं प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात निळं पाणी पांढरं करण्यात गेली होती. आलेख छान आले होते. सर म्हणाले होते, आता एखाद्या खऱ्या कारखान्याचं पाणी घे, म्हणजे शेवटचं प्रकरण होईल. मी पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, चार कारखान्यांत जाऊन आले. तिघांनी दारातूनच परत पाठवलं. चौथे मल्लेशम बोद्दूल.

ते लाल पाणी मी तीन दिवस उन्हात ठेवलं. लालाचं गुलाबीसुद्धा झालं नाही.

चौथ्या दिवशी मी परत गेले. खरं तर जायची लाज वाटत होती, पण बाटली त्यांची होती. दारातच म्हणाले, "नाही ना झालं?"

"नाही झालं."

"तरी आलीस." त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि आत विड्या वळणाऱ्या बायकोला हाक मारली. "राजमणी, चाय पेट्टू."

त्या दिवशी चहा पिताना त्यांनी मला जे शिकवलं ते माझ्या दोन वर्षांच्या वाचनात आलं नव्हतं, म्हणजे आलं असेल तरी मी त्याच्यावरून पुढे गेले होते. सूत रंगवून काढलं की हौदात जे उरतं त्यात मीठ, सोडा, सगळं असतं. ते पाणी जड. पण नंतर तेच सूत चार-चारदा धुतात. त्या धुवणाच्या पाण्यात रंग असतो, मीठ जवळजवळ नसतं. आणि कारखान्यातून बाहेर जाणारं बहुतेक पाणी धुवणाचंच.

"पहिलं पाणी मी पुढच्या रंगाला परत वापरतो," मामा म्हणाले. "दुसऱ्यापासूनचं तू घे. तेवढ्यानं भागतंय का बघ."

मी धुवणाचं पाणी नेलं. दुपारपर्यंत लालाचं फिकट गुलाबी झालं. मी बाटली घेऊन धावत रिक्षात बसले आणि त्यांच्या दारात उतरले, तेव्हा पायात चप्पल प्रयोगशाळेतलीच होती.

तिथून माझं रोजचं जाणं सुरू झालं. भुकटीची एक अडचण होती. पाण्यात सोडली की परत गाळून काढणं अवघड, आणि गाळायचं यंत्र घ्यायचं तर मग स्वस्त कसलं? भुकटी कशावर तरी घट्ट बसवायला हवी होती. काचेवर बसवली तर दोन दिवसांत पोपडे निघाले. शेवटी मी गावी वडिलांकडे, आप्पांकडे गेले. आम्ही जातीने आणि कामाने कुंभार, मोहोळ तालुक्यातले. आप्पांनी माझी काचेची पट्टी नखाने खरवडली आणि बाजूला ठेवली.

"आगं, काच पानी पीत न्हाई. तिला कशाला धरून ऱ्हाईल ते? भाजल्याली माती पानी पित्या. तिला पाज."

त्यांनी चाळीस परळं करून दिली, म्हणजे मातीची उथळ, पसरट ताटं. भुकटीचा लेप आम्ही दोघांनी मिळून दिला आणि विझत आलेल्या आव्याच्या, म्हणजे भट्टीच्या, धगीवर ती पुन्हा एकदा शेकली. पोपडा निघाला नाही. एसटीच्या टपावर परळं चढवायला कंडक्टर तयार होईना, तेव्हा आप्पा त्याला म्हणाले, "पोरीची परीक्षा हाय, सायब, ही तिची पुस्तकं." आणि तो हसून बाजूला झाला.

मामांच्या गच्चीवर ती चाळीस परळं मांडली. धुवणाचं पाणी वरच्या टाकीत चढवायचं, तिथून बारीक नळीने एका परळातून दुसऱ्यात सोडायचं, शेवटी खाली पिंपात. मार्चचं ऊन. अकराच्या सुमारास पहिल्या ओळीतलं पाणी लाल, मधल्या ओळीत गुलाबी, शेवटच्या ओळीत नळाच्या पाण्यासारखं. मामा कमरेवर हात ठेवून त्या ओळींमधून फिरायचे, शाळेच्या हेडमास्तरासारखे.

"नाव काय म्हणालीस तुझं?"

"छाया."

"नाव छाया, आणि काम सगळं उन्हात!" ते इतके हसले की राजमणीअक्का खालून वर आल्या. मग तो विनोद त्यांनी अक्कांना तेलुगूत सांगितला, खालच्या दोघा कामगारांना मराठीत सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या किराणा दुकानदाराने मला हाक मारली, "काय मॅडम, आज ऊन पुरतंय का?"

पहिल्यांदा पिंपात पूर्ण स्वच्छ पाणी पडलं तो दिवस मला आठवतो. मामांनी ओंजळीत घेतलं, बोटांतून सांडू दिलं, पुन्हा घेतलं.

"मंचिनीळ्ळु," ते म्हणाले.

"म्हणजे काय?"

"मंचि म्हणजे चांगलं. नीळ्ळु म्हणजे पाणी. आम्ही प्यायच्या पाण्याला असंच म्हणतो."

मी म्हटलं, "मामा, प्यायचं नाही हं," आणि आम्ही हसलो.

अक्का मला उपाशी परत जाऊ द्यायच्या नाहीत. अंबाडीची आंबट भाजी आणि ज्वारीची भाकरी. जेवताना त्या मला विडी वळायला शिकवायच्या, माझी विडी पाहून म्हणायच्या, "ही विडी कुणी ओढली तर सवयच सुटेल बिचाऱ्याची." त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला होता, त्याला रंगाच्या धंद्यात यायचं नव्हतं. मामांनी त्याला कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही. फक्त एकदा गच्चीवर म्हणाले, "त्याला वास सहन होत नाही. आम्हाला तर वास येतच नाही आता."

एप्रिलमध्ये नोटीस आली. गल्लीतल्या उघड्या गटारात ज्या दिवशी जो रंग असायचा तो सगळ्या कारखान्यांचा मिळून असायचा, आणि खालच्या गल्लीतल्या एका बोअरला लालसर पाणी लागलं होतं. तक्रार झाली. गल्लीतल्या सगळ्या रंगाच्या कारखान्यांना प्रदूषण बघणाऱ्या सरकारी कचेरीतून कागद मिळाले: मे अखेरपर्यंत पाण्याची व्यवस्था करा, नाहीतर काम थांबवा. बाकीचे हवालदिल झाले. मामा मात्र कागद घडी करून खिशात ठेवून सगळ्यांना सांगत सुटले, "माझी व्यवस्था झाली आहे. गच्चीवर या, दाखवतो."

आणि लोक खरोखर यायचे. मामा त्यांना ओळीओळीने फिरवायचे आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणायचे, "हिनं केली. डॉक्टर होणार आहे."

याच दिवसांत मी कॉलेजात एक चाचणी लावली, जी आधीच लावायला हवी होती. पाण्याचा रंग किती गेला हे मी मोजत होतेच. पाण्यात घाण किती उरली हे मोजायची चाचणी वेगळी असते. रंगाचा कण मोठा असतो. उन्हात त्याचे तुकडे पडतात. पहिल्याच तुकड्याला रंग जातो, पण तुकडे पाण्यातच राहतात, आणि ते तुकडे कधीकधी मूळ रंगापेक्षा वाईट असतात. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलेलंही होतं.

आकडे आले. रंग गेला होता पंच्याण्णव टक्के. घाण गेली होती तीस टक्के.

मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा केलं, तेच आलं. मग मी कॉलेजच्या बागेतल्या हौदातले सहा गप्पी मासे आणले आणि मामांच्या पिंपातून आणलेल्या त्या नितळ पाण्यात सोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी चार मासे उलटे तरंगत होते. उरलेले दोन मी परत हौदात सोडले आणि बराच वेळ तिथेच काठावर बसून राहिले.

सरांना आकडे दाखवले. त्यांनी चष्मा काढला.

"तुझ्या प्रबंधाचं शीर्षक काय आहे? वाच."

"रंग घालवण्यासाठी स्वस्त आणि..."

"रंग घालवण्यासाठी. तो गेला. प्रबंध खोटा ठरत नाही. हे आकडे तू त्यात लिहायचेस, लपवायचे नाहीत, आणि पुढचं संशोधन म्हणून एक परिच्छेद द्यायचास. पण छाया, पाहणीला साहेब येतील तेव्हा 'शुद्ध' हा शब्द तुझ्या तोंडून येता कामा नये. विचारतील तेवढंच सांग."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सांगितलं ते चुकीचंही नव्हतं. मी ठरवलं, विचारतील तेवढंच सांगायचं. मामांना मात्र मी काहीच सांगितलं नाही. त्यांनी सगळ्या पूर्व भागाला गच्ची दाखवली होती. त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? मी गेले की ते पिंपावरचं झाकण काढून ठेवायचे, मला दिसावं म्हणून, आणि मी "छान आहे" म्हणून नजर फिरवायचे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाहणी झाली. कचेरीतून देशमाने साहेब आले, बरोबर एक कारकून. सर आले होते. मामांनी पांढरं धोतर आणि इस्त्रीचा सदरा घातला होता. गच्चीवर एका कडेला गोणपाटाचा मांडव घातला होता, पण मामा उन्हातच उभे. कठड्याजवळ डब्यांत कोथिंबीर होती, मेथी होती, दोन तुळशी होत्या. सगळं हिरवंगार.

साहेबांनी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, उन्हाकडे धरलं.

"नळाचं वाटतंय की हो."

"नळाचं तरी एवढं कुठे असतं, साहेब," मामा म्हणाले.

"मॅडम, खर्च किती आला?"

मी खर्च सांगितला. परळं आप्पांची, भुकटी स्वस्तातली, नळ्या भंगारातल्या. साहेबांनी मान हलवली. त्यांना ते मनापासून आवडलेलं दिसत होतं. म्हणाले, "मी वीस वर्षं लाखांचे प्रस्ताव बघतोय. हे पहिल्यांदा बघितलं. म्हणजे हे पाणी आता गटारात सोडायला हरकत नाही. झाडांना घातलं तरी चालेल, नाही का?"

प्रश्न माझ्याकडे बघून होता. सर खाली बघत होते. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "चालतंय की! रोज घालतोच आम्ही. ही कोथिंबीर बघा ना."

साहेबांनी कोथिंबीर बघितली. मीही बघितली. ती खरोखरच तरारलेली होती. क्षणभर मला वाटलं, माशांचंच काहीतरी बिनसलं असेल. हौदातून काढताना हाताळले गेले असतील. चाचणीतलं रसायन जुनं असेल. झाडं तर जगली आहेत! मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच मला भीती वाटली. कारण दोनदा केलेली चाचणी मीच केली होती. आणि खालच्या गल्लीतल्या बोअरवर अजून बायका घागरी भरत होत्या.

"साहेब, थांबा," मी म्हणाले. "झाडांना नको."

"का?"

"पोरीला ऊन लागलंय," मामा एकदम पुढे आले. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. "सकाळपासून उन्हात आहे. राजमणी, ताक आण. तू बस गं खाली. साहेब, तुम्ही लिहा तुमचं."

"मामा, मला ऊन लागलेलं नाही."

"बिड्डा, गप्प बस!"

तीन महिन्यांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, शेवटी त्यांनाही कारखानाच प्यारा. कुणालाही असणारच. मी साहेबांकडे बघूनच बोलले, मामांकडे बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"रंग गेला आहे, साहेब. घाण गेलेली नाही. सत्तर टक्के पाण्यातच आहे. मी यात मासे सोडले होते, चार मेले. हे पाणी दिसायला स्वच्छ आहे म्हणून जास्तच धोक्याचं आहे. लाल पाणी कुणी पिणार तरी नाही."

कारकुनाचं पेन हवेतच होतं. सरांनी खिशातून माझ्या आकड्यांचा कागद काढला आणि साहेबांना दिला. म्हणजे तो त्यांनी बरोबर आणला होता.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "बरं," ते म्हणाले. "मी लिहितो की प्रयोग चालू आहे, पूर्ण झालेला नाही. मुदत मे अखेरपर्यंत आहेच, पुढे थोडीफार वाढवता येईल. बोद्दूल, तोवर तुमचं काम चालू ठेवायला माझी आडकाठी नाही." जाताना जिन्यात ते माझ्याजवळ थांबले. मान हलवून उतरले. सर म्हणाले, "उद्या सुट्टी घे," आणि तेही गेले.

मी परळांतलं पाणी ओतायला लागले. मामांच्या नजरेला नजर द्यायची हिंमत नव्हती.

"ते राहू दे," मामा म्हणाले. "इकडे ये."

ते मला पाण्याच्या टाकीच्या मागे घेऊन गेले. तिथे मी कधी गेले नव्हते. भिंतीला लागून पोत्याखाली झाकलेले दहा-बारा डबे होते. त्यांनी पोतं ओढलं. डब्यांत कोथिंबीर होती, मेथी होती, तुळस होती. सगळी पिवळी, काळपट, मान टाकलेली.

मला काही कळेना.

"ही एप्रिलमधली," मामा बोट दाखवत म्हणाले. "ही नंतरची. ही मागच्या आठवड्यातली. तुझं पाणी घातलं की चार दिवसांत अशी होते. मग मी मंगळवार बाजारातून नवी रोपं आणून पुढे ठेवतो. पुढच्यांना नळाचं पाणी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पन्नास वर्षं रंगात हात आहेत माझे. रंग गेला म्हणजे सगळं गेलं असं असतंय काय?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू मला मासे सांगितलेस?"

मी कठड्याला टेकले. ते माझ्यासमोर डबा उपडा करून त्यावर बसले. इस्त्रीच्या सदऱ्याला माती लागली, त्यांनी झटकलीही नाही.

"तुझी परीक्षा आहे म्हणून सांगितलं नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, साहेब लिहून देतील, तुझी डिग्री होईल. तुझी डिग्री झाली की मी बंदच करणार होतो कारखाना. तसंही वय झालं. ते पाणी मी सोडणार नव्हतो बिड्डा, शपथ. पण तुझं अडायला नको होतं."

"मी तुमच्या कारखान्यासाठी गप्प होते, मामा."

"हां, ते आता कळलं."

"माझ्यासाठी एवढं का केलंत? मी कोण तुमची?"

त्यांनी एका डब्यातली काळपट काडी मोडली. मग म्हणाले, "या दारात पन्नास वर्षांत लोक आले ते सूत बघायला, रंग बघायला. भाव करायला आले. पाणी बघायला कुणी आलं नव्हतं. तू आलीस. पहिल्यांदा जमलं नाही तरी परत आलीस."

मागे काहीतरी आपटलं. राजमणीअक्का ताकाचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. तो त्यांनी कठड्यावर दाणकन ठेवला होता. त्यांनी आधी नवऱ्याला तेलुगूत झोडपलं, ते मला कळलं नाही. मग मला मराठीत.

"दोघं येडे! एक मासे लपवतीय, एक कोथिंबीर लपवतोय. याला तिची काळजी, तिला याची काळजी. आणि ती खालच्या गल्लीतली बाई घागर घेऊन माझ्या दारात येतीय, तिला मी काय सांगायचं? रंग गेलाय म्हणून सांगू?"

मामांनी मान खाली घातली. मीही घातली. अक्कांनी आम्हा दोघांना ताक दिलं आणि आम्ही ते उभ्यानेच मुकाट्याने प्यालो.

पुढचं थोडक्यात सांगते. माझा प्रबंध सव्वा वर्ष लांबला. तीन तासांच्या उन्हाऐवजी तीन दिवसांचं ऊन लागलं, परळं चाळिसाची दीडशे झाली, आणि शेवटच्या पिंपात करवंटीच्या कोळशाचा थर आला, जो अक्कांनी सुचवला, कारण त्यांच्या आईच्या घरी पाणी तसं गाळायचे. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात आकडे बरोबर आले. मासे जगले. कारखाना पुन्हा सुरू झाला आणि मामांनी तो आणखी सहा वर्षं चालवला, धुवणाचा एक थेंबही गटारात न सोडता. गल्लीतल्या आणखी दोघांनी गच्चीवर परळं मांडली. आप्पांच्या चाकाला त्या दोन वर्षांत विसावा नव्हता. खालच्या गल्लीतला बोअर मात्र लगेच सुधारला नाही. जमिनीत गेलेलं एका उन्हाळ्यात निघत नाही. तिथे नळ यायला चार वर्षं लागली.

मामा जाऊन आता नऊ वर्षं झाली. अक्का पुण्याला मुलाकडे असतात. फोनवर अजून विचारतात, जेवलीस का. मी आज शिकवते. मुलांना हा विषय शिकवताना आकडे सांगते, आलेख काढते. पण माझ्या डोळ्यांसमोर असते ती पाहणीच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ.

सुट्टी असून मी गेले होते. दारात पोचले तर मामा कागद-पेन घेऊन तयार. "लिही," म्हणाले. "माझं मराठी लिहिणं बरं नाही."

"काय लिहू?"

"लिही, की माझ्या कारखान्यातलं पाणी दिसायला चांगलं आहे, पण चांगलं नाही. ते चांगलं होईपर्यंत मी सुताला रंग लावणार नाही. मल्लेशम नरसय्या बोद्दूल."

"मामा, साहेबांनी काम चालू ठेवायला सांगितलंय."

"साहेबांची आडकाठी नाही. माझी आहे."

दोघा कामगारांना त्यांनी आदल्या संध्याकाळीच मेहुण्याच्या मागावर विणायला लावून दिलं होतं. अक्का आत विड्या वळत होत्या, नेहमीपेक्षा भराभर. घर आता त्यांच्या सुपावर चालणार होतं. मी लिहीत असताना त्या एकदाच म्हणाल्या, "अक्षर चांगलं काढ."

कचेरीत आम्ही दोघं गेलो. आदल्या दिवशीचाच कारकून बसला होता. त्याने अर्ज वाचला, उलटून मागची बाजू बघितली, पुन्हा वाचला.

"मुदतवाढ पाहिजे का?"

"नाही," मामा म्हणाले.

"मग परवानगी कसली?"

"परवानगी नको."

"नुकसानभरपाई वगैरे? तसं काही मिळत नाही, आधीच सांगतो."

"नको."

कारकुनाने अर्ज टेबलावर ठेवला. "अहो, मग तुम्हाला पाहिजे तरी काय?"

"पोच," मामा म्हणाले.

कारकुनाने अर्जाची दुसरी प्रत ओढली, शिक्का शाईत दाबला आणि मारला. तारीख घातली, सही केली. मामांनी तो कागद शाई वाळेपर्यंत दोन्ही हातांत आडवा धरला आणि बाहेर व्हरांड्यात येऊन माझ्याकडे दिला.

"तुझ्या पुस्तकात लाव."

प्रबंध बांधायला गेला तेव्हा मी तो कागद शेवटचं परिशिष्ट म्हणून जोडला. हत्तुरे सर पानं चाळत तिथवर आले, थांबले, मग त्या पानावर पेन्सिलीने पान क्रमांक घातला आणि सही करून प्रबंध माझ्या हातात दिला.